गावातल्या पोरांसाठी सरकारी अनुदान: यादीपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळकडच्या कुठल्याही झेडपी शाळेत आठवी-नववीची हजेरी पाहा. वावरात कापूस फुटलेला असतो, वेचणीला किलोवर पैसे मिळतात आणि वर्गातले मागचे बाक रिकामे असतात. वेचणी संपल्यावर बहुतेक पोरं परत येतात, काही येत नाहीत. ती संध्याकाळी पानठेल्यावर दिसतात, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटणाऱ्याच्या बाजूला, मोबाईलवर पत्ते खेळताना. मग एक दिवस कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटरपंपाची केबल जाते, त्यात यांच्यातल्याच एखाद्याचं नाव येतं आणि गाव म्हणतं, "पोट्टं हाताबाहेर गेलं."

अशा वेळी गावातलं एखादं होतकरू तरुण मंडळ मला फोन करतं. प्रश्न ठरलेला असतो: "काका, या पोरांसाठी काही करायचं आहे. अनुदान कुठी भेटते?"

मी उलट विचारतो, पोरं किती? नावं माहीत आहेत का? संध्याकाळी किती वाजता कुठं बसतात? पलीकडं शांतता. म्हणून हा लेख अनुदानापासून सुरू होत नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी पावलं तिच्यावर बेतलेली आहेत. सरकारी पैसा उशिरा येतो. मंजुरी आणि पहिला हप्ता यांच्यात सहा-आठ महिने सहज जातात, आणि तेवढ्यात चौदा वर्षांचं पोरगं पंधराचं होतं. तेव्हा काम असं आखा, की पहिले सहा महिने ते बिनपैशाचं किंवा गावच्याच पैशावर चालेल.

पाऊल पहिलं: यादी

दोन रविवार द्या. शाळेतल्या गुरुजींकडून गैरहजर राहणाऱ्यांची आणि दाखला काढून नेलेल्यांची माहिती घ्या. अंगणवाडी सेविकेला घराघरातलं माहीत असतं. आशाताईंनाही असतं. पोलीस पाटलांशी बोला, पण त्यांच्याकडून 'उनाड पोरांची यादी' मागू नका. एकदा का कागदावर 'उनाड' लिहिलं, की तो कागद फिरतो.

तुमच्या वहीत वय, शाळा कधी सुटली, घरी कोण कमावतं, पोर कुठं कामाला जातं एवढंच लिहा. ही वही मंडळातल्या एकाच जबाबदार माणसाकडं राहू द्या. प्रस्तावात फक्त आकडे जातील: ११ ते १४ वयाचे इतके, १५ ते १७ चे इतके, मुली इतक्या. मुली विसरू नका. त्या पानठेल्यावर दिसत नाहीत, म्हणून यादीत येत नाहीत, आणि त्यांचं शिक्षण सुटण्याचं कारण वेचणीइतकंच लवकर लग्न हेही असतं.

यादीसोबत गावाचं कॅलेंडर काढा. वेचणी कधी, तूर-हरभरा कधी, मेळघाट-गडचिरोलीकडं तेंदूपत्ता मे महिन्यात, वीटभट्टीवर कोण केव्हा जातं. विदर्भात उन्हामुळं शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पोरं दीड-दोन महिने मोकळी. मुंबई-पुण्यात बसून लिहिलेल्या प्रस्तावात 'उन्हाळी मैदानी शिबिर, सकाळी ११ ते ४' असं वाचलं, की विदर्भातला अधिकारी हसतो. तुम्ही तरी तसं लिहू नका.

पाऊल दुसरं: शब्द आणि वय

'बालगुन्हेगार' हा शब्द डोक्यातून काढा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा इथला मुख्य कायदा. त्यात दोन गट आहेत: 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं, आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक'. पहिल्यांचा विषय बाल न्याय मंडळापुढं जातो, दुसऱ्यांचा बाल कल्याण समितीपुढं. तुम्ही ज्यांच्यासाठी धडपडताय त्यातली बहुतेक पोरं अजून पहिल्या गटात गेलेली नाहीत, आणि जाऊ नयेत यासाठीच हा खटाटोप आहे. म्हणून अर्जात 'गुन्हेगारी प्रवृत्तीची मुले' असं लिहू नका. 'शाळाबाह्य व जोखमीच्या परिस्थितीतील किशोरवयीन मुले-मुली' असं लिहा.

याच कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उद्घाटनाला आमदार आले, फोटो काढला, व्हॉट्सॲपवर 'भरकटलेल्या मुलांना मार्गदर्शन' अशा मथळ्यानं टाकला... समजलं ना. कलम ७७ ही माहीत असू द्या: मुलाला दारू किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पानठेलेवाल्याला हे एकदा शांतपणे सांगून पाहा. भांडण करण्यापेक्षा जास्त फरक पडतो, आणि खर्च शून्य.

आता वयाचा घोळ. बाल न्याय कायद्यात अठरा पुरं होईपर्यंत बालक. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ मध्ये युवा म्हणजे १५ ते २९. महाराष्ट्राच्या २०१२ च्या युवा धोरणात १३ ते ३५. ग्रामीण तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत १५ ते ३५. म्हणजे तुमच्या यादीतला सतरा वर्षांचा पोरगा एका कार्यालयात मूल आहे, दुसऱ्यात युवक. ही अडचण वाटते, पण खरं तर इथंच तुमच्या हाती दोन दारं येतात. फक्त एका प्रस्तावात दोन्ही वयं कोंबू नका. लहान्यांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा.

आणि एक इशारा. उत्साहाच्या भरात 'वसतिगृह काढू, पोरं तिथंच ठेवू' असं म्हणू नका. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त मुलांना राहायला ठेवणाऱ्या संस्थेला कलम ४१ खाली नोंदणी घ्यावीच लागते, नसेल तर शिक्षा आहे. नव्या मंडळानं संध्याकाळचं केंद्र चालवावं. पोरं झोपायला घरी गेली पाहिजेत.

पाऊल तिसरं: आधी गावचा पैसा

दिल्लीच्या योजनेची माहिती तोंडपाठ असलेली मंडळं मी पाहिली आहेत, ज्यांना स्वतःच्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक कधी दिसलेलं नसतं. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली मिळून तीन लाख स्वउत्पन्न असेल, तर तीस हजार झाले. ते बऱ्याचदा सतरंज्या, खुर्च्या नाहीतर मार्चमधल्या एखाद्या घाईच्या मेळाव्यात जातात. संध्याकाळच्या अभ्यासिकेचे दिवे, दोन फुटबॉल, कॅरम, वह्या एवढ्यावर केंद्र उघडायला तीस हजार पुष्कळ आहेत.

वित्त आयोगाचा निधी 'बंधित' आणि 'अबंधित' असा येतो. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. अबंधित गावाच्या गरजेवर वापरता येतो, पण पगार-मानधनावर नाही. १५ व्या आयोगाचा काळ २०२५-२६ पर्यंतचा होता. त्यानंतरच्या वर्षांसाठी नव्या आयोगाच्या अटी लागतात, म्हणून ग्रामसेवकांकडून चालू वर्षाचं पत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा. कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलं, तरच पैसा निघतो. आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरते. त्या ग्रामसभेत उभं राहून विषय मांडा, ठराव लिहून घ्या, ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह घ्या. 'साहेब बोलले होते' याला कागदाची किंमत नसते. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, अध्यक्ष सरपंच. बहुतेक गावांत ती कागदावरच असते. तिची एक खरी बैठक लावून घ्या, कारण तिचं इतिवृत्त पुढं जिल्ह्याच्या कार्यालयात तुमच्या प्रस्तावाला वजन देतं.

धारणी, चिखलदरा, गडचिरोली, चंद्रपूर-यवतमाळचा अनुसूचित भाग, म्हणजे पेसा गावं (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेली) असतील तर आणखी एक रस्ता. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीकडं येतो. त्यातून शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करता येतो, आणि कशावर करायचा हे ग्रामसभा ठरवते. म्हणजे तुम्हाला जिल्ह्याला नव्हे, शेजारच्या बायामाणसांना पटवायचं आहे. ते कधी सोपं, कधी फार अवघड.

पाऊल चौथं: पोराच्या घरी येणारा पैसा

हे पाऊल मंडळं वगळतात, कारण यात संस्थेच्या खात्यात काही येत नाही. माझ्या मते पोर बिघडू नये यासाठी सगळ्यात कामाचं हेच आहे.

मिशन वात्सल्य ही केंद्र-राज्याची योजना, खर्चाची वाटणी ६०:४०. तिचा पैसा मुख्यतः जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं, निरीक्षणगृहं यांवर जातो. नव्या मंडळाला तिथून थेट अनुदान मिळण्याची आशा कमी. पण याच योजनेत प्रायोजकत्व म्हणून पात्र मुलाला महिना ४,००० रुपये मिळू शकतात. वडील वारले आणि आई एकटी, किंवा मूल आजी-काकांकडं, किंवा आईबाप गंभीर आजारी, अशी घरं त्यात बसतात. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी आहे, तिच्यात महिना २,२५० रुपये.

आता विदर्भातली घरं डोळ्यापुढं आणा. बाप गेला, कर्ज राहिलं, आई मजुरीला, थोरला पोरगा चौदाचा. तो शाळा सोडतो ते 'वळण' बिघडलं म्हणून नाही. सावकाराचा किंवा बचतगटाचा हप्ता आहे म्हणून. त्याला योगासनांचं शिबिर देऊन काय होणार? महिन्याला येणारे दोन ते चार हजार त्याला वर्गात बसवू शकतात. तुमच्या यादीत अशी चार घरं निघाली, तर आधी त्यांचे अर्ज भरा. मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँक पासबुक, रहिवासी दाखला, मुलाचा घरासमोरचा फोटो, अशी कागदं लागतात. मग प्रकरण जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत बाल कल्याण समितीपुढं जातं. तालुक्याहून जिल्ह्याला जाण्या-येण्यात त्या माउलीची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. तुमच्या मंडळाचा पहिला खर्च तिच्या एसटीच्या तिकिटाचा असावा.

पाऊल पाचवं: संस्थेची कागदं

मोठं अनुदान हवं, तर नोंदणी हवी. गावाकडं चालत आलेली पद्धत अशी: किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था काढायची, आणि तिचीच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून नोंद घ्यायची. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. त्यानंतर संस्थेचं पॅन, दोघांच्या सहीचं बँक खाते, आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी, दरवर्षी सनदी लेखापालाचा लेखापरीक्षण अहवाल. केंद्राच्या कुठल्याही अनुदानासाठी नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' या संकेतस्थळावरचा क्रमांक लागतो. तो फुकट मिळतो. त्यासाठी पाच हजार मागणारे लोक आहेत, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

सात जण निवडताना एकाच घरातले सातजण घेऊ नका. नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा कोषाध्यक्ष असलेली यादी पाहिली, की तपासणारा पुढचं पान उलटत नाही. दोन बाया खऱ्या, बैठकीला येणाऱ्या असू द्या.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार कळवायचा असतो. आमच्या संस्थेत एक उपाध्यक्ष वारले. चांगला माणूस, सगळ्यांनी रडून घेतलं, श्रद्धांजलीचा ठराव केला, फेरफार मात्र कुणीच टाकला नाही. तीन वर्षांनी एका योजनेसाठी आम्ही अर्ज केला. परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, त्यांचं नाव, प्रस्तावावर दुसऱ्याची सही. छाननीतच बाहेर. पुढची दीड वर्षं आम्ही तो एक फेरफार मंजूर करून घेण्यात घालवली. वकिलाची फी वेगळी. तेव्हापासून आमच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं विश्वस्तांची यादी आणि शेवटच्या मंजूर फेरफाराची तारीख चिकटवलेली आहे.

एवढं सगळं वाचून छाती दडपली असेल, तर नोंदणी करूच नका, निदान दोन वर्षं. गावात जुनी वाचनालयं असतात, व्यायामशाळा असतात, गुरुदेव सेवा मंडळं असतात, नोंदणीकृत आणि मोकळी पडलेली. त्यांच्या छत्राखाली काम करा. बहुतेक योजनांत तसंही किमान तीन वर्षांचं काम आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतात. कालच काढलेल्या संस्थेला ते कुठून येणार?

पाऊल सहावं: कोणतं दार

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकासाच्या योजना असतात. जागा कुणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न. तिथंच गाडी अडते, म्हणून जागेचा उतारा सोबत न्या. 'मेरा युवा भारत' ही केंद्राची यंत्रणा २०२३ मध्ये आली. जिल्ह्यातल्या तिच्या कार्यालयाकडून युवक मंडळांना मोठी रक्कम नव्हे, पण कार्यक्रम, प्रशिक्षण आणि ओळख मिळते.

आदिवासी पट्ट्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय. धारणी, पांढरकवडा, पुसद, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड, देवरी अशी ती विखुरलेली आहेत. त्यांच्याकडं न्यूक्लिअस बजेट म्हणून स्थानिक गरजेच्या छोट्या योजनांसाठी पैसा असतो आणि तो प्रकल्प स्तरावरच मंजूर होतो. माझा अनुभव असा की प्रकल्प अधिकारी नवा आणि तरुण असेल, तर या दारावर लवकर ऐकून घेतात.

नशेचा प्रश्न मोठा असेल, तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची नशेची मागणी कमी करण्याची राष्ट्रीय कृती योजना पाहा. तिच्यात किशोरांनी किशोरांमध्ये करायचं प्रतिबंधाचं काम हा स्वतंत्र घटक आहे आणि त्यासाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळतं. अर्ज ऑनलाईन, 'ई-अनुदान' वर. ही वजनदार योजना आहे. कर्मचारी, जागा, नोंदवह्या, तपासण्या, सगळं आलं. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथली पोरं मोहाची दारू ओळखतात हे लिहायला लाजू नका. अधिकाऱ्यांनाही ठाऊक असतं. बाकी, मदत हवी असलेल्याला योजनेची वाट पाहायला लावू नका: नशामुक्तीसाठी १४४४६, मुलांसाठी १०९८.

सोळा-सतराच्या वर गेलेल्यांसाठी स्वतः केंद्र काढण्यापेक्षा चालू प्रशिक्षणाशी जोडणं स्वस्त पडतं. जन शिक्षण संस्थान १५ ते ४५ वयाच्या कमी शिकलेल्यांना, शाळा सुटलेल्यांना शिकवते. बँकांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याला असते, अठराच्या वरच्यांसाठी. मोटर रिवाइंडिंग शिकलेला एक पोरगा आता गावातल्या त्याच विहिरींवर पंप दुरुस्त करतो, जिथल्या केबली जायच्या.

पाऊल सातवं: प्रस्ताव आणि आकडे

प्रस्ताव सहा पानांचा पुरे. पहिल्या पानावर गाव, यादीतले आकडे, कॅलेंडर. दुसऱ्यावर रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ नेमकं काय होणार. उद्दिष्टात 'गुन्हेगारी ५० टक्के कमी करू' असं लिहिलं, तर ते मोजणार कोण आणि कशावरून? त्याऐवजी असं लिहा: तीसपैकी किमान वीस मुलांची केंद्रातली हजेरी ७० टक्क्यांवर, शाळा सुटलेल्या बारांपैकी सहा जणांचा पुन्हा प्रवेश, पात्र घरांचे सर्व अर्ज दाखल. हे रजिस्टर उघडून दाखवता येतं.

अंदाजपत्रक कसं दिसावं याचा नमुना देतो. तीस मुलं, दहा महिने, दोनशे संध्याकाळ धरू. गावातल्याच दोन ताई-दादांना महिना ४,००० मानधन: ८०,०००. नाश्ता मुलामागं रोज १२ रुपये: ७२,०००. समुपदेशकाच्या महिन्याला दोन भेटी, भेटीला १,५०० रुपये: ३०,०००. खेळाचं साहित्य १५,०००, वह्या-दिवे १०,०००, प्रवास ८,०००, लेखापरीक्षण ५,०००. बेरीज २,२०,०००. मुलामागं दिवसाला ३७ रुपयांच्या आत. हा शेवटचा आकडा ठळक लिहा, सही करणाऱ्याच्या तो डोक्यात राहतो.

नाश्ता कापू नका. छाननीत सगळ्यात आधी कात्री तिथं लागते. पण वावरातून थेट आलेलं पोर उपाशी असतं, आणि आलुपोंगा पानठेल्यावरही मिळतो, खर्ऱ्याच्या शेजारीच. उलट संगणक, प्रोजेक्टर, साउंड सिस्टीम कापली तर कापू द्या. ढोलकी आणि फुटबॉलवर वर्ष निघतं.

खर्चाचे आवर्ती आणि अनावर्ती असे दोन भाग वेगळे दाखवा. नाश्ता दरमहा, म्हणून आवर्ती. कॅरम एकदाच, म्हणून अनावर्ती. योजनेच्या शासन निर्णयात कोणत्या बाबीवर किती हे दिलेलं असतं. तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून काढून, छापून, पेन घेऊन वाचा. आमच्याकडं एक गुरुजी होते, ते शासन निर्णयाच्या प्रत्येक 'राहील' आणि 'शक्यतो' खाली वेगवेगळ्या रंगाची रेघ मारत. 'राहील' म्हणजे सुटका नाही, 'शक्यतो' म्हणजे बोलायला जागा आहे.

पाऊल आठवं: पाठपुरावा

अर्ज दिला, की पोचवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. टेबलावर ठेवून आलेला अर्ज दिलेला नसतो. महिन्यातून एकदा जा, दर आठवड्याला जाऊन बाबूंना वैताग देऊ नका. जाताना नवं काहीतरी न्या: हजेरीचा गोषवारा, ग्रामसभेचा नवा ठराव. 'माझं काय झालं' विचारणाऱ्यापेक्षा 'आमचं एवढं झालं' सांगणाऱ्याची फाईल वर राहते.

तीन महिने काहीच हललं नाही, तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एकच विषय ठेवा, दीडशे शब्दांच्या आत लिहा. अर्ज स्वतःच्या नावानं करा, संस्थेच्या नव्हे. भाषा सौम्य ठेवा. 'माझा प्रस्ताव का अडवला' असं नको. 'अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावरील आजपर्यंतच्या टिपणीची प्रत मिळावी' असं.

आणि 'दहा टक्के द्या, मंजूर करून आणतो' म्हणणारा कुणीतरी भेटेलच, कडक इस्त्रीतला, बोटात अंगठ्या. मंजूर झालं तरी ते दहा टक्के तुम्ही कोणत्या व्हाउचरवर दाखवणार, एवढं त्याला विचारा.

पाऊल नववं: पैसा आल्यावर

केंद्राचा पैसा सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीतून येतो, म्हणजे कोणाला किती दिलं हे दिल्लीत दिसतं. त्यासाठी वेगळं खाते ठेवा. अनुदान घेताना पदाधिकाऱ्यांना बंधपत्र लिहून द्यावं लागतं. पैसा भलतीकडं गेला, तर परत करायची जबाबदारी तुमची आणि तुमच्या सहकाऱ्यांची, हे सही करण्याआधी घरी सांगा. याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडून पैसा घेतलेला नाही, असं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या पैशातून कॅरम आणि अनुदानातून नाश्ता चालतं, पण एकच कॅरम दोन हिशेबांत दाखवणं चालत नाही. अनुदानावर खात्यात जमलेलं व्याज तुमचं नसतं, ते परत भरायचं असतं.

रोजच्या सवयी चार. पक्की पावती, कच्च्या चिठ्ठीवर काही नाही. मानधन ऑनलाईन. साहित्य आलं त्याच दिवशी जडवस्तू (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत. हजेरी त्याच संध्याकाळी, मुलांच्या सहीनं. मार्चमध्ये बसून दोनशे दिवसांच्या सह्या एकाच पेनानं करणारी मंडळं आहेत. तपासणीसाला ते एका नजरेत कळतं, पोळ्याच्या दिवशीही पूर्ण हजेरी पाहिली की तो वर बघून हसतो. फोटो पाठमोरे किंवा हातांचे काढा, त्यातही काम दिसतं.

वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला याचा दाखला. केंद्राच्या अनुदानासाठी सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधला १२-ए हा नमुना, नियमात मुदत वर्षअखेरीपासून बारा महिन्यांची. एवढे दिवस थांबू नका. लेखापालाला एप्रिलमध्येच कागद द्या, जूनमध्ये पाठवा, कारण त्याशिवाय दुसरा हप्ता हलत नाही. आणि हलल्यावरही दिवाळी उजाडते. मधल्या महिन्यांत आमच्या केंद्रात गावातल्या सहा घरांनी वार वाटून घेतले होते. सोमवार फुटाणे, मंगळवार मुरमुरे-फल्ली, गुरुवारी एक आजी घुगऱ्या आणायच्या. अनुदानाचा नाश्ता पुन्हा सुरू झाला, तेव्हा पोरांनी विचारलं, "गुरुवारी आजी येते ना?" त्या दिवशीचे नाश्त्याचे पैसे आम्ही उचलले नाहीत, आणि तसं रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं.